नादाचा नाद

मराठी भाषेत ‘नाद’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. घंटेचा नाद कानावर पडतो. पत्त्यांचा नाद माणसाला लागतो. पहिला नाद ऐकावयाचा असतो, दुसरा सोडावयाचा असतो. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे नांदू लागले याचा उलगडा भाषेचे जाणकार करतील. आम्हाला मात्र या दोन नादांची एकमेकांशी पडलेली गाठ एका ठिकाणी फार स्पष्टपणे दिसली. ते ठिकाण म्हणजे इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्याची खोली.

गतवर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या सायंकाळी संगीताचा कार्यक्रम ठरला होता. त्याच्या तयारीच्या दिवसांत आमचा भाचा एकदा खिन्न चेहऱ्याने घरी आला. मुलगा गुणी आहे, हात चांगला आहे. त्याच्यापाशी एक इलेक्ट्रिक गिटार, एक ॲम्प्लिफायर आणि नादाला निरनिराळे रंग देणारी, पायाने चालवावयाची पाच पेडले आहेत. “मामा, सगळं आहे, पण टोन सापडत नाही,” तो म्हणाला. सहावे पेडल मिळाले की तो सापडेल, अशी त्याची खात्री होती, आणि त्यासाठी त्याला आमच्याकडून काही हजार रुपये हवे होते. आम्ही लगेच ‘हो’ म्हणालो नाही आणि ‘नाही’ही म्हणालो नाही. कारण हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी आम्हीही म्हणत होतो, आणि त्या वाक्याची किंमत आम्ही केवळ रुपयांत मोजलेली नाही.

‘टोन’ म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. एकच स्वर बासरीवर, व्हायोलिनवर आणि मनुष्याच्या कंठातून निघाला तरी तीनही वेळा तो वेगळा भासतो. आपल्याकडील संगीतशास्त्र त्याला नादाची जाती म्हणते. गिटारवादक त्यालाच टोन म्हणतात. लाकडी गिटारची जाती तिच्या पोटात असते. पोकळ लाकूड घुमते आणि आवाज उमटतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली आणि आमच्या गायकवृंदांत जी गिटार शिरली, ती हीच.

इलेक्ट्रिक गिटारला बहुधा असे पोट नसते. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर तार थरथरली की वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले, आणि बरोबर १०० वर्षांनी, १९३१ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज बोशँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर चालणारी गिटार सिद्ध केली. त्या क्षीण प्रवाहाला पुढे ॲम्प्लिफायर बळ देतो आणि स्पीकरचा कागदी कर्णा त्याला पुन्हा हवेत सोडतो.

म्हणजे हा नाद एका जागी राहत नाही. बोट, नखी, तार, चुंबक, वायर, पेडल, ॲम्प्लिफायर, स्पीकर, खोलीच्या भिंती आणि अखेरीस ऐकणाऱ्याचा कान, अशी ती दीर्घ साखळी आहे. या साखळीतील बहुतेक कड्या दुकानात विकत मिळतात. पहिली आणि शेवटची तेवढी मिळत नाहीत. सारी गोम येथेच आहे. नाद आवडेनासा झाला की दोष कोणत्या कडीत आहे, हे सांगणे कठीण. आणि मनुष्यस्वभाव असा की जी कडी बदलण्यास केवळ पैसे लागतात, तीच सदोष आहे असे त्याला प्रथम वाटते.

आम्हालाही तसेच वाटले. आमच्या तरुणपणी परदेशी संगीताची मासिके मुंबईच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत मिळत. त्यांतील छायाचित्रे आम्ही भिंग लावून पाहत असू, ती वादकाच्या बोटांसाठी नव्हे, त्याच्यामागे ठेवलेल्या ॲम्प्लिफायरवरचे नाव वाचण्यासाठी. परदेशी बोटीवर नोकरीस असलेल्या नातेवाइकांना आम्ही पत्रे धाडून वस्तू मागवीत होतो. एक वस्तू आली की आठ दिवस आनंद, नवव्या दिवशी शंका, आणि महिन्याभरात नवे पत्र. त्या काळात आम्ही नेमके काय शोधत होतो, असे आज स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर द्यावे लागते की आम्ही दुसऱ्याचा आवाज शोधत होतो.

ज्या आवाजांचा हा ध्यास होता, त्यांचा इतिहास आम्ही फार उशिरा वाचला. अमेरिकेतील लिंक रे यांनी १९५८ साली ‘रंबल’ नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यातील खरखरीत नाद मिळविण्यासाठी त्यांनी आपल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली होती. नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रित झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिन यांच्या वाद्याचा आवाज अचानक फाटल्यासारखा झाला, कारण स्टुडिओतील यंत्रात बिघाड झाला होता. तो बिघडलेला आवाज गाण्यात तसाच ठेवण्यात आला. लंडनमध्ये ‘द किंक्स’ या वाद्यवृंदातील सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ साली आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद दाढीच्या पात्याने चिरला आणि त्या चिरलेल्या कर्ण्यातून निघालेला आवाज जगभर गेला.

अभियंत्यांच्या दृष्टीने हे सारे दोष होते. विजेचा प्रवाह यंत्राच्या कुवतीबाहेर गेला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले नवे उपस्वर त्यात मिसळतात. ते टाळण्यासाठी अभियंते वर्षानुवर्षे खपत होते. वादकांनी मात्र त्या फाटलेल्या आवाजात काही तरी जिवंत ऐकले. नॅशव्हिलच्या त्या बिघाडाची नक्कल करणारी पेटी १९६२ मध्ये बाजारात आली. आरंभी तिला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात तिचा आवाज वाजला आणि तिचा खप एकदम वाढला.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. एकाला जे अपघाताने किंवा तुटपुंज्या साधनांतून सापडले, ते दुसऱ्याने पेटीत भरून विकले आणि तिसऱ्याने ते परिपूर्णतेचे साधन समजून विकत घेतले. त्या पेटीत तो आवाज होता. तो आवाज ऐकून ‘हा ठेवू या’ असे म्हणणारा कान तीत नव्हता. बिघाड तर अनेकांच्या वाट्याला आला असेल. ज्यांनी तो टाकून न देता लक्षपूर्वक ऐकला, त्यांच्या हाती काही लागले.

याहून मोठा धडा बी. बी. किंग यांच्या कथेत आहे. बुका व्हाइट नावाचे त्यांचे एक ज्येष्ठ नातलग तारांवर धातूची नळी सरकवून गिटार वाजवीत, आणि तिचा तो रडवेला, सरकता स्वर तरुण किंगना वेड लावी. तो आपल्या हातून निघावा म्हणून त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण नळी काही वश होईना. तेव्हा ते नुसत्या बोटाने तार दाबून ती हलकेच थरथरवू लागले, त्या सरकत्या स्वराच्या जवळपास तरी जाता यावे म्हणून. ते त्याच्याजवळ कधी पोहोचले नाहीत. परंतु त्या थरथरीतून जो स्वर जन्मला, तो ऐकताच हे बी. बी. किंग आहेत, असे जग पुढे साठ वर्षे ओळखत आले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. ज्याला ते आपले अपयश समजत होते, तीच त्यांची ओळख ठरली.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाचा कारखान्यातील तो शेवटचा दिवस होता. त्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. मुलगा डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात हाच. वादन संपले असे त्याने धरून चालले असता कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकविली. १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत जँगो यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि तरीही ते युरोपातील थोर गिटारवादक झाले. आयोमींनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांसाठी टोपणे घडविली, त्यांवर चामडे चढविले, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे त्या तारा सैल करून स्वर खाली उतरविले. ‘ब्लॅक सॅबथ’चा तो गंभीर, जड नाद असा घडला. आज अनेक तरुण दहाही बोटे शाबूत असताना तोच नाद मिळावा म्हणून यंत्रे विकत घेतात! त्या नादामागे एका मुलाचा वेदनेशी झालेला समझोता आहे, हे यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

म्हणजे साधनाला काहीच महत्त्व नाही, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्ही तो काढणार नाही, कारण तो खरा नाही. एरिक क्लॅप्टन यांनी १९६६ साली जॉन मेयॉल यांच्याबरोबर जी ध्वनिमुद्रिका केली, तिचा नाद त्यांच्या लेस पॉल गिटारशिवाय आणि मोठ्या आवाजावर चालविलेल्या मार्शल ॲम्प्लिफायरशिवाय उमटला नसता. ‘क्वीन’चे ब्रायन मे यांचे सारे वैशिष्ट्य ज्या गिटारशी निगडित आहे, ती त्यांनी १९६३ पासून सुमारे दोन वर्षे खपून आपल्या वडिलांच्या साहाय्याने घरीच तयार केली. तिची मान शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडाची, तिच्यातील स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या, पडद्यांवरील खुणा आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. हे साधनच आहे, आणि त्याला फार महत्त्व आहे. परंतु त्या पितापुत्रांनी त्यात दोन वर्षांचे श्रम आणि कान ओतला होता. विकत घेतलेल्या वस्तूशीही असे नाते जडू शकते; मात्र त्यासाठी ती वस्तू पुरेसा काळ आपल्यापाशी राहावी लागते. पुढची वस्तू येण्याच्या वाटेवर असेल, तर हातातल्या वस्तूशी ओळखच होत नाही.

एडी व्हॅन हेलन यांच्याविषयी एक आठवण सांगितली जाते. ५० डॉलरचे धड आणि ८० डॉलरची मान जोडून त्यांनी स्वतःची गिटार घडविली होती, आणि १९७८ साली निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील त्यांचा टोन हे वादकांसाठी एक गूढ बनले होते. टेड न्यूजंट या दुसऱ्या नामवंत वादकाने एकदा त्यांचीच गिटार त्यांच्याच ॲम्प्लिफायरला जोडून वाजविली, आणि स्वर निघाला तो टेड न्यूजंट यांचा! ही हकिकत स्वतः न्यूजंट यांनीच सांगितलेली आहे. तार किती जोराने छेडली, पडद्यापासून किती अंतरावर दाबली, स्वर कधी सोडला, या गोष्टी हाताबरोबर येतात आणि हाताबरोबरच जातात.

मग वस्तूंच्या किमती का चढतात? १९५८ ते १९६० या काळातील सूर्यास्ताच्या रंगाच्या लेस पॉल गिटार त्या वेळी फारशा खपल्या नाहीत, म्हणून कंपनीने तो नमुनाच बंद केला. पुढे क्लॅप्टनसारख्यांच्या हाती त्या दिसल्या, आणि आज त्यांतील एकेक लाखो डॉलरना विकली जाते. लाकूड तेच, तारा त्याच. पालटली ती लोकांची इच्छा. अमेरिकेतील बिल फिनेगन यांनी १९९४ पासून सुमारे पंधरा वर्षांत ‘क्लॉन सेंटॉर’ नावाची जवळपास ८,००० पेडले केली. आज जुन्या बाजारात एकेका पेडलला हजारो डॉलर मोजले जातात. त्यांच्याभोवतीचा हा हास्यास्पद गाजावाजा आपण केलेला नाही, अशा अर्थाचे वाक्य खुद्द निर्मात्यानेच आपल्या पुढच्या पेडलवर छापले. आपण एखादी वस्तू इच्छितो, ती पुष्कळदा दुसरा ती इच्छितो म्हणून. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरण्याची ही जुनीच व्याधी. गिटारवादकाने ती नव्याने शोधून काढलेली नाही.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. आमच्या गावी एक वृद्ध व्हायोलिनवादक होते. सारा गाव त्यांना मास्तर म्हणे. चाळीस वर्षे त्यांच्यापाशी एकच व्हायोलिन होते. त्याचा रंग हनुवटीखाली पार उडालेला होता. गावातील लग्नसमारंभांत वाजविण्यासाठी त्यांनी चारपाच जणांचा एक लहान वाद्यवृंद जमविला होता आणि त्यात त्यांनी आम्हाला बोलाविले. आम्ही आमची सारी सामग्री घेऊन गेलो. बंद खोलीत महिनोन्‌महिने खपून आम्ही एक टोन जुळविला होता: खाली घुमणारा, वर चमकणारा, मोठा भरदार. सरावाला सुरुवात झाली आणि दहा मिनिटांत मास्तरांनी गज खाली ठेवला. “बाळा,” ते म्हणाले, “तुझा आवाज चांगला आहे, पण त्यात आमच्यासाठी जागा नाही.”

त्या वाक्याचा शास्त्रीय अर्थ आम्हाला आज कळतो. एकटे वाजविताना जे खालचे आणि वरचे स्वर आपल्याला सुखावतात, ते समूहात ढोल, बास आणि झांजा यांच्या जागेवर आक्रमण करतात. समूहात गिटारची हक्काची जागा मधल्या पट्टीत असते, आणि मधल्या पट्टीचा टोन एकटा ऐकला तर कोता, नाकातल्यासारखा वाटतो. शिवाय आवाजाची पातळी पालटली की कानाची आवडही पालटते; हळू आवाजात आपल्याला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण ते वाढवून ठेवतो, आणि बाहेर मोठ्या आवाजात तेच अंगावर येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखविले होते. बंद खोलीत परिपूर्ण ठरलेला नाद चारचौघांत सदोष ठरतो, तो असा.

परंतु त्या दिवशी आम्हाला राग आला. मास्तरांना इलेक्ट्रिक गिटारमधले काय कळते, असे आम्ही मनाशी म्हणालो. तोंडाने म्हणालो ते एवढेच: “टोन नीट जुळला की येतो.” ते हसून म्हणाले, “वाट पाहतो.” आम्ही घरी येऊन पुन्हा बटणे फिरवू लागलो. एक लग्नसराई गेली, दुसरी गेली. मास्तरांनी दोनदा निरोप धाडला, दोनदा आम्ही तेच उत्तर दिले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या डाव्या हातातील शक्ती गेली, आणि पुढच्या पावसाळ्यात ते वारले. त्यांच्याबरोबर आम्ही आयुष्यात मिळून दहा मिनिटे वाजविले आहे. त्यानंतर जो टोन जुळला, तो कोणाला ऐकवावा हे आम्हाला कळेना.

यातून आम्हाला पडलेला प्रश्न गिटारपुरता नाही. अधिक चांगल्याची ओढ हा मनुष्याचा गुण की दोष? असमाधान नसते तर लिंक रे यांनी पेन्सिल उचलली नसती, ब्रायन मे यांनी लाकूड तासले नसते. ‘आहे त्यात सुख माना’ असा उपदेश कलेला लागू करता येत नाही, आणि तो आम्हाला करावयाचाही नाही. परंतु शोध दोन प्रकारचा असतो, असे आम्हाला अनुभवान्ती वाटते. एका शोधात मनुष्य वाजवीत असतो आणि वाजविता वाजविता शोधत असतो. त्याचा कान दिवसेंदिवस तीक्ष्ण होतो, दुसऱ्याचे त्याला अधिक ऐकू येते. दुसऱ्या शोधात वाजविणे पुढे ढकलले जाते. ‘हे मिळाले की मग’ हे त्या शोधाचे पालुपद. मोठे घर झाले की मग पाहुण्यांना बोलावू, निवृत्त झालो की मग सेवा करू, मन शांत झाले की मग भावाशी बोलू. असे म्हणणाऱ्याला आपण ध्येयवादी आहोत असे वाटते. वस्तुतः तो परीक्षेला बसणे टाळीत असतो. सिद्धता अपुरी आहे असे म्हणत राहिले की अपयशाचा प्रसंगच येत नाही. आमच्या परिपूर्णतेच्या ध्यासाच्या तळाशी हे भय होते, हे आज कबूल करावेसे वाटते.

हे दोन शोध बाहेरून अगदी सारखे दिसतात. ओळखण्याची खूण एकच: शोधामुळे आपण अधिक ऐकू लागलो आहोत काय? स्वतःचा आवाज ऐकण्यात गुंग होऊन शेजारचे व्हायोलिन ऐकू येईनासे झाले असेल, तर नाद हरवला आणि नुसता नाद उरला, असे समजावे.

भाच्याला आम्ही यातील काहीच सांगितले नाही. तरुणांना उपदेश ऐकविण्याचे एक पेडल असते तर ते आम्ही केव्हाच विकत घेतले असते. आम्ही त्याला एवढेच म्हटले की या गुरुवारी सरावाच्या वेळी मोबाइल फोन सभागृहाच्या अगदी मागच्या बाकावर ध्वनिमुद्रणासाठी लावून ठेव, आणि घरी येऊन आपण दोघे ऐकू. त्याप्रमाणे तो आला. दोघांनी ऐकले. कीबोर्ड ऐकू येत होता, मुलींचे आवाज अधूनमधून ऐकू येत होते, आणि या सर्वांवर एक भरदार गिटार पसरलेली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, ती दुसरी मुलगी किती छान गाते! मला माहीतच नव्हतं.”

पुढच्या सरावाला त्याने खालचे स्वर कमी केले आणि आवाज थोडा उतरविला, असे इतरांकडून कळले. सहाव्या पेडलचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढे निघेलही, निघाला तर आम्ही पैसे देणारही आहोत. मात्र त्यापूर्वी सणाचा कार्यक्रम व्हावयाचा होता, आणि त्या सायंकाळी तो आपल्या त्याच गिटारवर, सापडला नाही म्हणतात त्या टोनमध्ये, सर्वांबरोबर वाजविण्यास उभा राहिला. आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. मास्तरांची फार आठवण झाली.